खळ्यातली टाकी : किनाऱ्यावर सुट्टीचं घर बांधणाऱ्यांसाठी

आमच्याकडे ‘पूल बांधायचाय’ म्हटलं की गवंडी विचारतो, ‘कुठल्या वहाळावर?’ म्हणून साइटवर आम्ही स्विमिंग पूलला टाकी म्हणतो. मला हा शब्द आवडतो. पूल म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे निळं पाणी येतं. टाकी म्हटलं की गळती, पाया, उपसा आणि पाणी आणायचं कुठून, हे प्रश्न येतात. घर बांधताना हेच प्रश्न आधी यायला हवेत.

मी गुहागरची. सिव्हिलचा डिप्लोमा केला, काही वर्षं चिपळूणला नोकरी केली आणि मग स्वतःची कामं घ्यायला लागले. श्रीवर्धनपासून मालवणपर्यंत टाकीसकट चौदा घरं बांधून झाली. त्यातली एक टाकी पाण्यावर तरंगली. तिची गोष्ट पुढे सांगते, कारण या धंद्यात मला जे काही कळलं त्यातलं निम्मं तिच्यामुळे कळलं.

येणारा प्रत्येक मालक मोबाइलवर एक चित्र घेऊन येतो. पांढरं घर, पुढे भिंतभर काच, काचेपुढे टाकी, टाकीची पलीकडची कड दिसत नाही आणि तिचं पाणी थेट समुद्रात मिसळल्यासारखं वाटतं. मी वाद घालत नाही. मी त्यांना मे महिन्यात दुपारी चार वाजता त्यांच्याच जागेच्या पश्चिम टोकाला उभं करते आणि म्हणते, इथे अर्धा तास थांबा. ऊन सरळ डोळ्यांत येतं. वारा त्याच बाजूने येतो आणि पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या रेताड पट्ट्याची, बारीक वाळू घेऊन येतो. ओठांवर जीभ फिरवली तर खारट लागते. जूनपासून पाऊसही तिकडूनच आडवा येतो. ऊन, वारा, खार आणि पाऊस, चौघेही एकाच दिशेचे पाहुणे. आणि चित्रातलं सगळं घर तिकडेच तोंड करून बसलेलं असतं.

गुहागरात वरच्या पाटापासून खालच्या पाटापर्यंत चालत जा. जुनी घरं रस्त्याकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून उभी आहेत. मागे आगर, त्यात नारळी-पोफळी, मग सुरूची झाडं, केवडा आणि त्यापुढे पुळण. समुद्र ऐकायचा घरातून, बघायला जायचं चालत. घराच्या पुढे खळं, म्हणजे अंगण. आंब्याची साटं, कोकमाची सोलं, सुपाऱ्या तिथेच वाळायच्या, कारण ती जागा वाऱ्यापासून आडोशाची असते. टाकीची जागा तीच. घर स्वतः वारा अंगावर घेतं, टाकी त्याच्या पदराआड राहते. सकाळी कोवळं ऊन मिळतं, दुपारी तीननंतर घराची सावली पडते आणि पोरं सहा वाजेपर्यंत डुंबत राहिली तरी पाठ सोलवटत नाही. तोटाही सांगते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहापर्यंत पाणी गार असतं. मुंबईची मंडळी कुरकुरतात, मग चहा घेऊन बसतात.

कागद, भरतीरेषा आणि जुलैतला खड्डा

नकाशा काढण्याआधी जागेचे कागद बघा. जमीन शेतीची असेल तर विकत घेणारा शेतकरी असावा लागतो. बिनशेती झाली असेल तर ती कशासाठी, हे आदेशात वाचा. सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. किनाऱ्याच्या जागांत गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, एका जागी आणि नकाशातली हद्द दुसऱ्या जागी, हे मी इतक्यांदा पाहिलंय की मोजणी झाल्याशिवाय मी फुटपट्टी हातात घेत नाही.

मग सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे सरकारी नियम. समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत हे नियम लागू होतात. २०१९च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केलेत. २०११च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, त्याहून विरळ असेल तर २०० मीटर ना-विकास क्षेत्र. आपली बहुतेक किनारी गावं विरळ वस्तीची आहेत. ना-विकास पट्टा ओलांडला म्हणजे मोकळं रान मिळालं, असंही नाही. पुढच्या पट्ट्यात काय बांधता येतं, कोणाला आणि किती उंच, यावर बंधनं आहेत, विहीर-बोअरमधून पाणी उपसण्यावरही आहेत. आपला गट कुठे पडतो ते मंजूर नकाशावर रेषा आखून तपासा आणि ते लेखी घ्या. ‘टाकी म्हणजे काय, खड्डाच की, बांधकाम कुठे?’ असं समजावणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. कॉंक्रीटचा खड्डा हे बांधकामच असतं.

कागद स्वच्छ निघाले की जमीन कोणत्या जातीची ते पाहायचं. किनाऱ्यावर ढोबळमानाने दोनच जाती: पुळणीची आणि सड्याची, म्हणजे कातळी पठाराची. पुळणीत खणायला सोपं, पण खड्ड्याच्या बाजू टिकत नाहीत आणि एका रात्रीत अर्धा खड्डा बुजतो. कंबरभर खाली गेलं की पाणी लागतं. सड्यावर जांभा लागतो. खणताना ब्रेकर लागतो, मालक खर्चाने हैराण होतो, पण बाजू भिंतीसारख्या उभ्या राहतात. मेमध्ये तो खड्डा इतका कोरडा असतो की इथे पाणी कधी येईल असं वाटतच नाही. जुलैत तोच खड्डा काठोकाठ भरतो, कारण जांभ्यातल्या भोकांतून सगळ्या सड्याचं पाणी वाट काढत येतं.

म्हणून माझा आग्रह असतो की टाकीच्या जागी जुलैत दीड मीटर खोल खड्डा खणा, चोवीस तास थांबा आणि पाणी जमिनीपासून किती खाली थांबलं ते टेपने मोजून वहीत लिहा. मजुरी थोडीच लागते. पाण्याच्या पातळीचा हा आकडा हातात नसताना टाकी काढणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं. मीही एकदा ते केलंय.

तरंगलेली टाकी

२०११चा जुलै. दोन वर्षांपूर्वी बांधलेली टाकी, पुळणीच्या जागेत, काठ जमिनीला लागून. पाणी हिरवं झालं होतं. रखवालदाराने फोन केला, मी म्हटलं, ‘उपसून टाका, घासून घ्या, परत भरू.’ त्याने उपसली. रात्री मोठा आवाज झाला म्हणे. सकाळी पाहिलं तर टाकीचं एक टोक वीतभर वर आलेलं, पाइप तुटलेले, कडेच्या फरशा पत्त्यांसारख्या उभ्या राहिलेल्या. आमचे वयस्कर मुकादम कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, ‘बाय, ही तर होडी झाली.’

झालं असं की रिकामी टाकी म्हणजे खरंच होडी असते. हिशेब करून बघा. आत ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, १.४ मीटर खोल. भिंती आणि तळ २०० मिलिमीटर जाड. बाहेरून माप होतं ८.४ × ४.४ × १.६ मीटर, म्हणजे ५९ घनमीटर. भोवतालचं पाणी जमिनीपर्यंत चढलं तर ते टाकीला ५९ टनांनी वर ढकलतं. टाकीतलं कॉंक्रीट सव्वाचौदा घनमीटर, वजन सुमारे ३६ टन. भरलेली असताना आतलं पाणी चाळीसेक टनांची भर घालतं, टाकी हलत नाही. रिकामी केली की २३ टनांचा तोटा. फरशीचं वजन त्यात काहीच नाही.

ती टाकी परत खाली बसवता आली नाही. आता तिच्यात माती भरून अळू लावलाय. झकास येतो.

या हिशेबावर उपाय बरेच सांगतात. तळात पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बसवा, तळ जाड करा, तळाला भिंतींबाहेर फूट-दीड फूट पाय काढा म्हणजे त्यावर मातीचं वजन बसतं. व्हॉल्व्ह पुळणीत वाळूने चोंदतो, त्याच्या भरवशावर मी राहत नाही. बाकीचे उपाय मी करतेच. पण सगळ्यांत मोठा उपाय इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नाही, जुन्या घरात सापडला. जोतं.

कोकणातलं घर जमिनीवर बसत नाही, दोन फूट जोत्यावर बसतं. मग टाकीनेच का जमिनीत तोंडापर्यंत बुडावं? टाकीचा काठ जोत्याच्या पातळीला आणा. म्हणजे टाकी ६० सेंटीमीटर जमिनीच्या वर आली आणि बुडालेला भाग एक मीटर उरला. वर ढकलणारं वजन ५९ टनांवरून ३७वर आलं. कॉंक्रीट ३६ टनांचं आहे, फरशी-गिलावा आणि तळाचे पाय धरले की पारडं आपल्या बाजूला झुकतं.

आणि एवढ्यावर भागत नाही, घराची रचनाच त्यातून सुचते. पडवीतून बघाल तर पाणी पडवीच्या फरशीला लागून, पाय सोडून बसता येतं. खळ्यातून बघाल तर दोन फूट उंच चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या दगडाचा, कट्टा, ज्यावर गावातली म्हातारी माणसंही येऊन टेकतात. पावसाचं गढूळ पाणी, पालापाचोळा, रांगणारी पोरं आणि शेजारच्यांचं वासरू खळ्याच्या बाजूने आत येत नाहीत. खणाईही कमी होते. २०१२नंतरच्या माझ्या सगळ्या टाक्या अशाच आहेत.

एक काम मात्र टाकी उंच असली तरी करा. टाकीच्या शेजारी, तळाहून फूटभर खोल जाणारा एक सहा इंची पीव्हीसी पाइप उभा पुरा. त्याला खालच्या भागात भोकं पाडा, बाहेरून जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, कापड गुंडाळा, भोवती खडी भरा, वर झाकण. उपसण्याआधी त्यात टेप सोडून पाणी किती वर आहे ते बघायचं. तळाच्या वर असेल तर उपसा नाही, विषय संपला. पावसाळ्यात तर कधीच नाही.

घर टाकीभोवती कसं बसवायचं

मी घर इंग्रजी एल अक्षरासारखं मांडते. लांब बाजू उत्तर-दक्षिण, समुद्राकडे पाठ. आखूड बाजू दक्षिणेला, पूर्वेकडे वळलेली. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, हा कोपरा त्याला अडवतो. एलच्या कुशीत टाकी. दोन्ही बाजूंनी आठ फूट खोल पडवी. पूर्वेच्या बाजूला रस्ता असतो, तिथे पाच फुटी चिऱ्याची भिंत किंवा जास्वंदीची दाट कुंपण-रांग. पोहणाऱ्याला रस्त्यावरची एसटी दिसली नाही की पुरे.

पागोळ्या टाकीत पडू देऊ नका. कौलांवरचं पाणी आपल्याबरोबर शेवाळ, पक्ष्यांची शीट, सुकी पानं आणतं. पन्हळ लावा, आणि ती पन्हळ कुठे न्यायची ते पाण्याच्या भागात सांगते. पडवीच्या फरशीला टाकीकडे नाही, टाकीपासून लांब असलेल्या नालीकडे उतार द्या, मीटरला दोन सेंटीमीटर. घरात शिरताना दीड-दोन इंचांचा उंबरा ठेवा. आर्किटेक्ट लोकांना उंबरा आवडत नाही, ओल्या चड्डीने माजघरात धावणारी पोरं त्यांच्या घरी नसतात.

पश्चिमेकडे मग काय ठेवायचं? स्वयंपाकघर, न्हाणी, कोठीची खोली आणि मागची पडवी. छोट्या खिडक्या, त्यांना बाहेरून लाकडी पाखं. समुद्राचं दर्शन हवंच असेल तर माडीवर एक खोली, तिला एकच रुंद खिडकी, संध्याकाळी उघडायची. काचेची अख्खी भिंत बांधलेल्या एका मालकांनी दुसऱ्या वर्षी आतून जाड पडदे लावले. तिसऱ्या वर्षी बाहेरून बांबूचे चिक. आता समुद्र आणि ते यांच्यात तीन थर आहेत.

कड नसलेली टाकी हवीच असा हट्ट असेल तर सड्यावरच्या उंच जागेत करा, पुळणीत नको. सांडणारं पाणी झेलायला खाली वेगळी टाकी लागते, मूळ पाण्याच्या दहा टक्के तरी, म्हणजे आपल्या मापाला चार हजार लिटर. वाऱ्यात त्या कडेवरून पाणी उडतं, रोज भर घालावी लागते. पंप चालू नसेल तेव्हा कड कोरडी दिसते, आणि सुट्टीच्या घरात पंप बंद असण्याचे दिवसच जास्त.

खोली सगळीकडे १.२ ते १.४ मीटर पुरे. सूर मारायची जागा ही नाही. एका टोकाला गुडघाभर पाण्याचा, दीड मीटर रुंद ओटा काढा. खरं सांगायचं तर मोठी माणसंही तिथेच बसतात. नारळाखाली टाकी नको, आणि टाकीजवळ नारळ ठेवायचाच असेल तर वर्षातून तीन-चारदा नारळ आणि सुकी झावळं उतरवणारा माणूस आधी बघून ठेवा, तो मिळणं हल्ली आर्किटेक्ट मिळण्याहून अवघड झालंय.

कॉंक्रीट, लोखंड आणि खार

इथे मी जरा कडक होते. आयएस ४५६ या भारतीय मानकात किनाऱ्याची हवा ‘तीव्र’ गटात येते, समुद्राचे तुषार थेट अंगावर येत असतील तर ‘अतितीव्र’ गटात. पहिल्यासाठी कमीत कमी एम ३० प्रतीचं कॉंक्रीट (आकडा मोठा तितकी ताकद जास्त) आणि लोखंडावर ४५ मिलिमीटर कॉंक्रीटचं आवरण, दुसऱ्यासाठी एम ३५ आणि ५० मिलिमीटर. पाणी-सिमेंटचं प्रमाण दोन्हीकडे ०.४५च्या वर जाता कामा नये. गावाकडचा ठेकेदार सवयीने एम २० घालतो आणि आवरण ठेवायला सळईखाली खडीचा तुकडा सरकवतो. सिमेंटचे कव्हर ब्लॉक स्वतः विकत आणून ठेवा आणि ओतकामाच्या आदल्या संध्याकाळी वाकून मोजा. किनाऱ्यावरची घरं पायाने खचून क्वचितच जातात, आतली सळई फुगून, वरचं कॉंक्रीट सोलून काढून जातात.

वाळू पुळणीची कधीच नाही. खाडीची वाळूही मिठाची असते, धुतल्याशिवाय नको. हल्ली मी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळूच वापरते. मिसळायच्या पाण्याची तपासणी करून घ्या. लोखंडाच्या कॉंक्रीटसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. फेब्रुवारीत गोड असलेली विहीर मेमध्ये मचूळ होते, आणि बांधकामं मेमध्येच जोरात असतात. स्लॅग सिमेंट, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं सिमेंट, मिळालं तर घ्या, खार त्यातून हळू शिरतो. सळई पावसाआधी आणून साइटवर चार महिने रचून ठेवू नका.

टाकीचा तळ आणि भिंत यांच्या सांध्यात वॉटर स्टॉप पट्टी. पाइप भिंतीतून जिथे जातात तिथेच गळती सुरू होते, म्हणून ते ओतकामाच्या वेळीच बसवा, नंतर छिद्र पाडून नाही. फरशी लावण्याआधी टाकी भरून आठवडाभर ठेवा. पातळी उतरली तर गळती की बाष्पीभवन, हे ओळखायची सोपी युक्ती: पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा. बादलीतलं आणि टाकीतलं पाणी सारखंच उतरलं तर ऊन-वारा, टाकीतलं जास्त उतरलं तर गळती.

स्टेनलेस स्टील म्हणून जे मिळतं ते सहसा ३०४ प्रतीचं असतं. किनाऱ्यावर त्यावर वर्षभरात चहाच्या डागांसारखा तांबूस थर येतो. शिडी, कठडा, बिजागऱ्या, स्क्रूसुद्धा ३१६चे मागा. महाग आहेत. म्हणून कठडेच कमी करा, टाकीला शिडीऐवजी पायऱ्या बांधा. दारं फणसाची केली तर ती टिकतात आणि इथला सुतार ती जाणतो.

छपराबद्दल एकच सांगते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे छपरं पत्त्यांसारखी उडाली आणि आगरं आडवी झाली. पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. तेव्हापासून मी पागोळीच्या तीन ओळी आणि कोनाच्या ओळी तांब्याच्या तारेने बांधते आणि मोभावरची कौलं चुन्या-सिमेंटात पक्की करते. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवते. वारा पडवीत खालून शिरतो. उडायचीच झाली तर पडवी उडावी, घर राहावं.

पाणी

आपल्या मापाच्या टाकीत, काठापासून थोडं खाली धरून, सुमारे ४२ हजार लिटर पाणी मावतं. हे विहिरीतून उपसू नका. नियमांचं सोडा, किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. भूजलवाल्यांचा ठोकताळा असा की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली चाळीस मीटरपर्यंत खारं दाबून ठेवलेलं असतं. वरचं मीटरभर ओरबाडलं की खालून खारं वर येतं, आणि फक्त तुमच्या विहिरीत नाही. शेजाऱ्याच्या पोफळी पिवळ्या पडल्या की तुमच्याकडे येणं-जाणं बंद होतं, हे मी पाहिलंय.

पन्हळीचं पाणी घ्या. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दीडशे चौरस मीटर छप्पर असेल तर सव्वातीनशे-साडेतीनशे मिलिमीटर पावसातच टाकी भरते, म्हणजे जुलैचे पंधरा दिवस. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्यायला वेगळी तोटी, मग जाळी, मग वाळूचा गाळणा. उन्हाळ्यात रोज साधारण पाच मिलिमीटर उडून जातं, म्हणजे १६० लिटर, त्यासाठी पावसाच्या पाण्याची एक साठवण टाकी पडवीखाली बांधा. रात्री टाकीवर आच्छादन ओढलं की हा खर्च बराच कमी होतो.

पावसाचं पाणी मऊ असतं. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही, म्हणून ते फरशांच्या सांध्यांतलं सिमेंट खातं. भरल्यावर तपासून कॅल्शियम क्लोराइड घाला, लिटरला २०० मिलिग्रॅमच्या पुढे कठीणपणा न्या. सांधे इपॉक्सीचे भरा. सामू ७.२ ते ७.६, क्लोरिन १ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम. तपासणीचा छोटा संच घरात ठेवा आणि रखवालदाराला रंग वाचायला शिकवा. पावसाळ्यात दिवसाला २०० मिलिमीटर कोसळला तर टाकीत एका दिवसात ६,४०० लिटर नवं पाणी येतं. जादा पाणी बाहेर जायला मोठा पाइप हवा आणि औषधाची मात्रा पुन्हा बघायला हवी.

मिठावर क्लोरिन तयार करणारं यंत्र हल्ली सगळे सुचवतात. दीडशे किलो मीठ टाकीत टाकायचं. मला पटत नाही. उडालेलं पाणी चिऱ्यात मुरतं, सुकतं, मिठाचे खडे चिऱ्याला आतून फोडतात. समुद्र खारा आहेच, टाकी तरी गोडी असू दे. शिवाय गाळणी उलटी धुतल्यावर निघणारं पाणी पोफळीला घालता येत नाही. वीज गेली की यंत्र बंद, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी येते हे विचारायचं नसतं.

पंपाची खोली

तासाला सात हजार लिटर फिरवणारा पंप घेतला की सहा तासांत सगळं पाणी एकदा गाळून निघतं. खोली खड्ड्यात नको, पहिल्या मोठ्या पावसात पंप बुडतो. जोत्याच्या पातळीवर, समुद्राच्या उलट बाजूला, दोन जाळीच्या खिडक्या. क्लोरिनची पावडर आणि ॲसिड एका कपाटात कधीही नाही. सांडून एकत्र आली तर विषारी वायू होतो. ॲसिड घराबाहेर, कुलपात. तळाला पाणी ओढणारी दोन तोंडं ठेवा, एकमेकांपासून मीटरभर लांब. एकच असेल तर पोराचे केस किंवा पाठ त्यावर चिकटून बसू शकते. दिवे १२ व्होल्टचे, पंपाच्या वाहिनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच), आणि टाकीतली सळई, कठडे, पंप सगळे एका अर्थिंगला जोडलेले. याची तपासणी परवानाधारक वायरमनकडून, मालकाच्या भाच्याकडून नाही.

घर बंद असताना

हे घर आठवड्यातले पाच दिवस आणि पावसाळ्यातले दोन महिने बंद असणार. त्या दिवसांसाठी ते आखा. पडवीच्या बाजूने पाणी फरशीला लागून आहे, म्हणजे धोका तिकडेच. घरातून पडवीत येणाऱ्या दाराला वर, मोठ्या माणसाच्या हाताला येईल अशी कडी. खळ्याच्या फाटकाला आपोआप लागणारं कुलूप. गावातली पोरं भिंत चढून येतातच, म्हणून रखवालदार असला तरी आच्छादन घट्ट ताणलेलं, माणसाचं वजन पेलणारं घ्या. सैल प्लास्टिक सर्वांत वाईट, त्यात गुरफटून पोर वर येत नाही.

पहिल्या पावसात बेडूक टाकीत उतरतात आणि गुळगुळीत फरशीवर त्यांना बाहेर येता येत नाही. सापांचंही तेच. एका कोपऱ्यात काथ्याचा जाड दोर पाण्यात सोडून त्याचं वरचं टोक कट्ट्यावर दगडाखाली दाबून ठेवा. रखवालदाराला सांगून ठेवा की सकाळी आधी दोराच्या कोपऱ्यात बघायचं, मग जाळी हातात घ्यायची. पहिल्या वर्षी तो हसतो. दुसऱ्या वर्षी मृगाच्या आधी दोर स्वतःच बांधून ठेवतो.